प्रकटीकरण ते उपवासकाळ २०२७ : मार्काची एकच वही

शुभवर्तमान_वाचक (धागाकर्ता)

२०२७ मध्ये ईस्टर लवकर आहे, २८ मार्चला. म्हणजे राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारी. ६ जानेवारीचा प्रकटीकरण सण (पूर्वेकडच्या मागी लोकांनी बाळ येशूला भेट दिली त्याचा) धरून ९ फेब्रुवारीच्या मंगळवारपर्यंत मोजले तर ३५ दिवस होतात. पुढे उपवासकाळाचे ४०. कॅलेंडरवर ते ४६ दिसतात, कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत.

या दोन काळांच्या मननासाठी सहसा दोन वेगळ्या पुस्तिका हातात पडतात. एकीवर तारा, दुसरीवर काट्यांचा मुकुट. जानेवारीची वही फेब्रुवारीत मिटते आणि तिच्यात काय लिहिले होते ते मार्चमध्ये कोणी उघडून बघत नाही. रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या फेऱ्यात हे वर्ष मार्काचे आहे. (सनाला ३ ने भागा: बाकी १ उरली तर मत्तय, २ तर मार्क, शून्य तर लूक. वर्ष मात्र आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी बदलते, म्हणजे हे २९ नोव्हेंबर २०२६ पासूनचे.) पहिल्या अध्यायात सोडलेली गाठ मार्क थेट पंधराव्यात बांधतो. म्हणून प्रस्ताव असा: एकच वही, एकच शुभवर्तमान, ६ जानेवारी ते २७ मार्च.

हिशोब बघा. मार्क १:१ ते ८:२६ ही ३११ वचने. ३५ दिवसांत रोज साधारण ९. मार्क ८:२७ ते १५:४७ ही ३४७; ४० दिवसांत पुन्हा रोज ९ च्या आतबाहेर. ही जुळणी योगायोगाची, पण जोड बरोबर जागी आली आहे. ८:२७ हा या शुभवर्तमानाचा उंबरठा. तोवर सगळे विचारतात, हा आहे तरी कोण? फिलिप्पाच्या कैसरियाच्या वाटेवर पेत्र उत्तर देतो आणि त्याच दमात, ८:३१ ला, दुःखसहनाची पहिली वाच्यता होते.

वचनांची बेरीज तुमच्या प्रतीत दोन-चारांनी चुकेल. ७:१६, ९:४४, ९:४६, ११:२६, १५:२८ ही वचने सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, त्यामुळे काही भाषांतरांत ती कंसात किंवा तळटीपेत जातात. तेवढ्यावरून गोंधळू नका.

एक इशारा आधीच. रोज ९ म्हणजे मोजून ९ नव्हे. मार्काला एका गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट ठेवायची खोड आहे. याईराची मुलगी आणि रक्तस्रावाची बाई (५:२१–४३), अंजिराचे झाड आणि मंदिर (११:१२–२५), महायाजकापुढची चौकशी आणि अंगणातला पेत्र (१४:५३–७२). हे तुकडे मधे कापले की बाहेरची गोष्ट एका दिवशी आणि आतली दुसऱ्या दिवशी पडते. मग दोन्ही सुट्या चमत्कारकथा होतात. याईराच्या दिवशी २३ वचने वाचा, आदल्या दिवशी ५ वाचा. एकूण हिशोब बिघडत नाही.

रविवारची वाचने पुढच्या प्रतिसादांत घेऊ. मी १९९२ ची सुधारित सामाईक वाचनमाला (अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या वापरतात ते रविवारच्या उताऱ्यांचे वेळापत्रक) धरतो आहे. तुमच्या मंडळीची स्वतःची दिनदर्शिका असेल तर रविवारी तीच प्रमाण. रोजची वही तरीही चालेल.

---

वसईची_वाट

धागा उत्तम. कॅथलिक वाचकांसाठी थोडी भर, नाहीतर पहिल्याच महिन्यात वाटेल की आपण चुकीचे पान उघडले.

आपल्याकडे, म्हणजे भारतातल्या कॅथलिक दिनदर्शिकेत, प्रकटीकरण रविवारी येते: २०२७ ला ३ जानेवारी. १० जानेवारीला प्रभूचा बाप्तिस्मा, आणि तिथे नाताळकाळ संपतो. पुढचे रविवार हे सामान्यकाळाचे. 'प्रकटीकरणाचा काळ' असे वेगळे नाव त्यांना नाही, रंगही हिरवा. वाचने मात्र बरीच तीच.

फरक कुठे पडतो ते सांगते. १७ जानेवारीला आपल्याकडे योहान १:३५–४२, तुमच्याकडे १:४३–५१. २४ आणि ३१ जानेवारीला दोन्हीकडे मार्क १:१४–२० आणि १:२१–२८. मोठा फाटा ७ फेब्रुवारीला. आपल्याकडे मार्क १:२९–३९, शिमोनाची सासू. तुमच्याकडे थेट डोंगरावर उडी, मार्क ९:२–९, रूपांतर (येशूचे रूप तेजाने उजळते तो प्रसंग). आपण रूपांतर उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी, २१ फेब्रुवारीला वाचतो.

म्हणजे एकाच गावातल्या दोन देवळांत रूपांतर १४ दिवसांच्या अंतराने वाचले जाईल. एकीकडे ते प्रकटीकरणाचे शेवटचे पान, दुसरीकडे उपवासकाळातला विसावा. मला दुसरी मांडणी जास्त पटते, पण ते सवयीमुळेही असेल.

---

शुभवर्तमान_वाचक

@वसईची_वाट, मोलाची भर, धन्यवाद. त्या उडीत आमच्याकडे दुसरीही एक गंमत होते. ९:२ ची सुरुवात "सहा दिवसांनंतर" अशी आहे. कशानंतर? पेत्राच्या कबुलीनंतर आणि ८:३१ च्या भाकितानंतर. आणि ८:३१–३८ आम्ही वाचतो २१ फेब्रुवारीला, म्हणजे रूपांतरानंतर दोन आठवड्यांनी! नुसते रविवार ऐकणाऱ्याला क्रम उलटा मिळतो: आधी उजेड, मग क्रूस उचलण्याची भाषा. मार्काचा क्रम आधी क्रूस, मग उजेड असा आहे. ६ फेब्रुवारीच्या शनिवारी ८:२७ ते ९:१ वाचून ठेवा. तेवढ्याने "सहा दिवस" जागेवर बसतात.

---

मुळाक्षर

वहीत एक पान 'फाटणे' या शब्दासाठी राखून ठेवा. मूळ भाषांच्या अंगाने बघितले तर ही सर्वांत लांब दोरी आहे.

मार्क १:१० ला बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश जे होते त्यासाठी ग्रीक क्रियापद 'स्खिझो': फाडणे, चिरणे. मत्तय आणि लूक इथे 'उघडले' असे सौम्य क्रियापद वापरतात, मार्क नाही. हेच क्रियापद मार्कात पुन्हा एकदाच येते, १५:३८ ला, मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो तेव्हा. तुमच्या भाषांतरात दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द असतील तर हा सांधा दिसत नाही. तेव्हा समासात खूण करा. दोन्ही ठिकाणी फाटण्यापाठोपाठ 'पुत्र' हा शब्द येतो: पहिल्यांदा आकाशवाणीतून, दुसऱ्यांदा रोमी शताधिपतीच्या तोंडून (१५:३९).

आता हिब्रू बाजू. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी यशया ६४:१ वाचले गेले: आकाश फाडून खाली ये अशी हाक. क्रियापद 'कारा'. ७ फेब्रुवारीच्या जुन्या करारातील वाचनाचे (२ राजे २:१–१२) शेवटचे वचन बघा: एलीया दिसेनासा होतो आणि अलीशा स्वतःची वस्त्रे फाडून दोन तुकडे करतो. पुन्हा 'कारा'. तीनच दिवसांनी राखेच्या बुधवारी योएल २:१३: वस्त्रे नव्हे, हृदये फाडा. तेच क्रियापद, आणि अलीशाच्या फाटक्या वस्त्रांना परस्पर उत्तर. वाचने ठरवणाऱ्यांनी हे जाणून केले की नाही, माझ्या लेखी त्याने काही बिघडत नाही. एका वहीत लिहिले तर तीन दिवसांत हे दिसते, दोन वह्यांत दिसत नाही. १४:६३ ला महायाजक आपली वस्त्रे फाडतो, तेही त्याच पानावर टिपा. तिथले ग्रीक क्रियापद वेगळे आहे, कृती तीच.

दुसरा छोटा सांधा मराठी वाचकाला फुकट मिळतो. मागी लोकांनी आणलेल्या तीन भेटवस्तूंतला गंधरस (मत्तय २:११) म्हणजे आपला हिराबोळ. मार्क १५:२३ ला वधस्तंभापाशी जो मिसळलेला द्राक्षारस पुढे केला जातो त्यात हाच बोळ, आणि येशू तो घेत नाही. आपल्याकडे हिराबोळ बाळंतिणीच्या औषधांत असतो, त्यामुळे जन्मघरी ही भेट आली तर आपल्याला नवल वाटत नाही. नवल वाटायला हवे ते त्याच बोळाचे पंधराव्या अध्यायात पुन्हा येण्याचे.

(मत्तयात 'तीन' आणि 'राजे' हे दोन्ही शब्द नाहीत. तीन हा आकडा भेटींवरून आला. राजे आले यशया ६०:३ आणि स्तोत्र ७२:१०–११ वरून. ६ जानेवारीच्या प्रवचनात हे राहून जाते.)

---

नवखी_वाचक

सगळे वाचते आहे, पण खरा प्रश्न साधा आहे. रोज ९ वचने वाचायला दोन मिनिटे लागतात. 'मनन' म्हणून उरलेला वेळ काय करायचे? डोळे मिटले की किराण्याची यादी आठवते.

---

शुभवर्तमान_वाचक

वाजवी प्रश्न. २० मिनिटे धरू.

पहिली दोन मिनिटे काहीही न वाचता बसायचे. किराण्याची यादी आली तर ती कागदाच्या कपट्यावर लिहून बाजूला ठेवायची. दाबली की परत येते. मग उतारा मोठ्याने वाचायचा, बोलण्यापेक्षा सावकाश. हे टाळले जाते आणि तिथेच घोळ होतो: परिचित वचन डोळ्यांनी वाचताना मन शेवटाकडे आधीच पोचलेले असते, जिभेला मात्र प्रत्येक शब्द पार करावा लागतो. दुसऱ्यांदा वाचताना जिथे अडखळायला होईल, खटकेल किंवा थांबावेसे वाटेल तो शब्द किंवा ओळ घ्या. एकच. पाच-सात मिनिटे तीच ओळ मनात घोळवायची. मग त्याच ओळीतून प्रार्थना, स्वतःच्या भाषेत. शेवटी दोन-तीन मिनिटे गप्प.

ही पायरी-पायरीची रीत जुनीच आहे. बाराव्या शतकात दुसरा गिगो नावाच्या कार्थुसियन मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान अशी चार पायऱ्यांची शिडी मांडली. नेहमीची चूक म्हणजे दुसऱ्या पायरीवर टीकाग्रंथ उघडणे. माहिती मिळते, थांबणे मोडते. टीका वाचायचीच तर संध्याकाळी.

वही अशी ठेवा: डाव्या पानावर तारीख, उतारा, निवडलेली ओळ आणि त्यावर जास्तीत जास्त तीन वाक्ये. उजवे पान जानेवारीत कोरे ठेवायचे. उपवासकाळात दर शनिवारी जानेवारीची पाच-सहा डावी पाने वाचायची आणि आता काय वेगळे दिसते ते समोर उजवीकडे लिहायचे. ३५ पाने, पवित्र शनिवार सोडून सहा शनिवार, बरोबर पुरतात.

---

सहा_वाजताची_घंटा

गटाने करायचे असेल तर सहा ते आठ माणसे, ५० मिनिटे. दहाच्या वर गेले की दोन गट करा.

उतारा तीनदा वाचायचा, दरवेळी वेगळ्या माणसाने, शक्यतो एक स्त्री एक पुरुष असे आलटून पालटून. पहिल्या वाचनानंतर प्रत्येकाने फक्त शब्द सांगायचा, कारण नाही. दुसऱ्या वाचनानंतर एकेक मिनिट, तो शब्द आज कुठे लागतो ते. कोणी कोणाला उत्तर द्यायचे नाही. तिसऱ्यानंतर प्रार्थना. चर्चा हवीच असेल तर शेवटची दहा मिनिटे, आणि ज्यांच्याकडे टीपांचे बायबल आहे त्यांनी ते तेव्हाच उघडायचे.

गट कशाने मोडतो? एक जण दुसऱ्या फेरीतच प्रवचन सुरू करतो, बाकीचे श्रोते होतात, तिसऱ्या आठवड्यात चार जण गळतात. उपाय म्हणजे घड्याळ टेबलावर आणि पाळक असले तरी त्यांनाही एकच मिनिट.

दोन वेगळी भाषांतरे ठेवा. बायबल सोसायटीचे एक, आणि दुसरे पंडिता रमाबाईंचे (१९२४ मध्ये छापले गेलेले, मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले) किंवा फादर दिब्रिटोंचे 'सुबोध बायबल'. शब्द जिथे जुळत नाहीत तिथे थांबायला आपोआप जागा मिळते.

---

तिरकस_प्रश्न

मार्काच्या वर्षी उपवासकाळ म्हणता, पण मार्कात येशूचा उपास दाखवा बरं. १:१२–१३ मध्ये चाळीस दिवस आहेत, सैतान आहे, वनपशू आहेत, देवदूत आहेत. उपासाचा शब्द नाही. भाकरीचे धोंडे नाहीत, मंदिराचे शिखर नाही. तरी १४ फेब्रुवारीच्या मननात 'तीन परीक्षा' हमखास येणार.

---

मुळाक्षर

बरोबर पकडले. त्या तीन परीक्षा मत्तय ४ आणि लूक ४ मधल्या. मार्काने परीक्षा दोन वचनांत संपवली आहे. आणि गंमत अशी की त्या रविवारचे वाचन १:९–१५ आहे: ९–११ आपण १० जानेवारीला ऐकलेले, १४–१५ आपण २४ जानेवारीला ऐकलेले. नवीन फक्त हीच दोन वचने. मननही तिथेच करावे. १२ व्या वचनात आत्मा त्याला रानात 'घालवतो'. ग्रीक क्रियापद तेच जे मार्क पुढे भुते काढण्यासाठी वापरतो. आकाशवाणी होऊन पाणीही वाळले नाही तोच ही ढकलणी. प्रकटीकरण आणि उपवासकाळ यांच्यात मार्क एक श्वासही सोडत नाही.

उपासाचा मार्कातला खरा उतारा २:१८–२२. वर सोबत असताना वऱ्हाडी उपास करतील का? वर काढून घेतला जाईल ते दिवस येतील, तेव्हा करतील. हा उतारा वाचनमालेत प्रकटीकरणानंतरच्या आठव्या रविवारी आहे, आणि तेवढे रविवार मिळायला ईस्टर खूप उशिरा यावा लागतो. २०२७ मध्ये १० जानेवारी ते ७ फेब्रुवारी असे पाचच रविवार आहेत. म्हणजे तो गळाला. शिमोनाची सासू आणि १:४० चा कुष्ठरोगीही गळाले. ९ फेब्रुवारीच्या मंगळवारी, रोजच्या वाचनाशिवाय, २:१८–२२ पुन्हा वाचा. त्यात २१ व्या वचनात जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ आहे आणि फाटणे पुन्हा आहे, स्खिझोचेच नाम.

---

शुभवर्तमान_वाचक

आणखी एक गळती. २४ जानेवारीला योना ३:१–५ आणि १०. मधली ६–९ ही चार वचने वाचनमालेने वगळली आहेत. त्यांत काय आहे? निनवेचा राजा सिंहासनावरून उठतो, गोणताट पांघरतो, राखेत बसतो आणि गुराढोरांनाही उपास फर्मावतो. राख नेमकी वगळलेल्या भागात! १० फेब्रुवारीला योएलच्या जोडीला ती चार वचने घ्या. जानेवारीच्या डाव्या पानासमोर फेब्रुवारीचे उजवे पान कसे भरायचे याचा हा सोपा नमुना.

त्याच दिवशीच्या मत्तय ६:१६–१८ ची अडचण सगळ्यांना माहीत आहे. उपास लोकांना दिसू देऊ नका असे वाचायचे आणि कपाळावर राख घेऊन बाहेर पडायचे. सफाई देत बसण्यापेक्षा ही अडचण तशीच मननाला घ्यावी.

---

सहा_वाजताची_घंटा

राखेवरून अवांतर: गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या आठवडाभर उन्हात कडकडीत वाळवा, लोखंडी कढईत जाळा, पूर्ण गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा चाळा. ओली करायचीच तर तेलाच्या एक-दोन थेंबांनी. पाणी घातले की राख क्षारयुक्त होते आणि कपाळाची आग होते, कधी फोडही येतात.

---

जुना_करारवाला

सगळे मार्कात गुंतलेत, पण या उपवासकाळाचे पहिले वाचन म्हणजे स्वतंत्र मालिका आहे. पाच रविवार, आणि जवळजवळ प्रत्येकात एक करार. 'जुना करार' हे नाव आपण पुस्तकाच्या पाठीवर वाचतो आणि करार हा शब्दच विसरतो.

१४ फेब्रुवारी, उत्पत्ती ९:८–१७. नोहाशी, त्याच्या वंशाशी आणि सर्व प्राण्यांशी करार. अट काहीच नाही. मेघांतल्या खुणेसाठी हिब्रू शब्द 'केशेत', म्हणजे लढाईचेच धनुष्य. मराठीत इंद्रधनुष्य म्हणताना धनुष्य तोंडी असतेच, म्हणून हे समजावून द्यावे लागत नाही: शस्त्र टांगून ठेवले आहे. आणि आठवण कोणाला राहावी म्हणून? १५–१६ वाचा. देवाला.

२१ फेब्रुवारी, उत्पत्ती १७:१–७, १५–१६. मधली ८–१४ वगळली, आणि त्यातच कराराची खूण, सुंता. घरी पूर्ण वाचा. वाचनात उरतात ती नवी नावे: अब्राहाम आणि सारा. (कॅथलिक वाचनात या दिवशी उत्पत्ती २२, इसहाकाचे अर्पण. पूर्ण वेगळे मनन.)

२८ फेब्रुवारी, निर्गम २०:१–१७. दहा आज्ञांची सुरुवात आज्ञेने होत नाही, २०:२ ने होते: दास्यातून बाहेर काढणारा तो मी. हे वचन सोडून आज्ञा पाठ केल्या की उपवासकाळ नियमांची यादी होतो.

७ मार्च, गणना २१:४–९, पितळेचा साप. इथे 'करार' शब्द नाही, म्हणून वर 'जवळजवळ' म्हटले. योहान ३:१४ ला या सापाचा आधार आहे. मननात २ राजे १८:४ जरूर जोडा: हिज्कीया राजा तोच साप फोडून टाकतो, कारण लोक त्याला धूप जाळू लागले होते. बरे करणारी खूणसुद्धा मूर्ती होऊ शकते. उपवासकाळात सोडण्यासारखे काय, असे विचारणाऱ्याने चहा-मिठाईआधी इकडे बघावे.

१४ मार्च, यिर्मया ३१:३१–३४. इथे खूण बाहेर नाहीच. धनुष्य नाही, दगडी पाट्या नाहीत; हृदयावर लिहिणे. आणि योएलने १० फेब्रुवारीला फाडायला सांगितले ते हृदयच.

---

वसईची_वाट

१४ मार्चचे शुभवर्तमान दोन्हीकडे एकच, योहान १२:२०–३३. तिथे काही ग्रीक येऊन फिलिप्पाला म्हणतात की आम्हाला येशूला भेटायचे आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पूर्वेकडचे परके आले होते. दुःखसहनाच्या उंबरठ्यावर पुन्हा परकेच आले. आणि १२:२८ ला पुन्हा आकाशवाणी. लोक म्हणतात मेघगर्जना झाली. १० जानेवारीचे स्तोत्र २९ काढून बघा, जलांवर गर्जणारा तोच आवाज. वहीत चार तारखा एका खाली एक लिहा: १० जानेवारी, ७ फेब्रुवारी (आपल्याकडे २१), १४ फेब्रुवारी, १४ मार्च. पहिल्यांदा आवाज 'तू' म्हणतो, रूपांतराला 'हा' म्हणतो. १४ फेब्रुवारीला तोच 'तू' पुन्हा, फक्त आमच्याकडे त्या दिवशीचे वाचन १:१२ पासून असल्याने तो ऐकू येत नाही. १४ मार्चला येशू सांगतो की हा आवाज माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी होता.

ज्यांच्या धर्मग्रामात प्रौढ दीक्षार्थी आहेत तिथे तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी मत्तयाच्या वर्षाची वाचने (शोमरोनी स्त्री, जन्मांध, लाजर) घेतली जातात. आधी विचारून घ्या.

---

जुना_करारवाला

एक खबरदारी, विशेषतः २८ फेब्रुवारी (योहान २) आणि शुभ शुक्रवारी (योहान १८–१९). योहानात 'यहूदी' हा शब्द सरसकट येतो. बोलणारा येशू यहूदी, शिष्य यहूदी, मंदिर त्यांचे. शब्द बहुतेक वेळा यरुशलेमेतल्या अधिकाऱ्यांकडे बोट दाखवतो. 'त्यांनी मारले' असे मनन उतरू लागले की थांबून मार्क १४:५० वाचा: सगळे शिष्य पळाले. मार्कात सुटका कोणाचीच नाही.

---

ओवीप्रेमी

स्तोत्रे वाचू नका, गा. पूर्ण चाल नको, एकाच सुरावर म्हटली तरी वेग निम्मा होतो. 'उपासना संगीता'त दुःखसहनाची गीते आहेत. आठवड्याला एकच निवडून तेच म्हणावे.

कोणाला जुन्या मराठीचा सराव असेल तर फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' (१६१६, गोव्यातले राशोल) या काळात हळूहळू वाचण्याजोगे आहे. दहा हजारांवर ओव्या आहेत, तेव्हा सगळे ७५ दिवसांत संपवायची हौस करू नका; 'दुसरे पुराण' काढून बाप्तिस्मा आणि दुःखसहन एवढेच घ्या. गोव्यात रेइश मागुश, चांदर, कासावली इथे ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त होते, आणि उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोंय वेल्हाला संतांची मिरवणूक निघते. २०२७ ला ती १५ मार्चला पडते.

---

नवखी_वाचक

पवित्र आठवड्यासाठी वेगळे काही? आणि योजना १५:४७ ला संपते, मग सोळावा अध्याय कधी?

---

शुभवर्तमान_वाचक

झावळ्यांच्या रविवारी, २१ मार्चला, १४ आणि १५ हे दोन्ही अध्याय, ११९ वचने, एका बैठकीत मोठ्याने. पात्रे वाटून घेतली तर २० मिनिटांच्या आसपास. जमावाच्या ओळी सगळ्यांनी म्हणायच्या. त्या फक्त एका वाचकाला दिल्या की बाकीचे प्रेक्षक होतात.

मग गुरुवार-शुक्रवारी तेच पुन्हा, पण घड्याळाप्रमाणे. मार्क १३:३५ मध्ये रात्रीचे चार प्रहर आहेत: संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ, पहाट. चौदाव्या अध्यायात संध्याकाळ येते (१४:१७), कोंबडा येतो (१४:७२), पंधराव्यात पहाट येते (१५:१). गुरुवारी रात्री जेवणानंतर १४:१७–३१, झोपण्याआधी १४:३२–५२, पहाटे उठून १४:५३ ते १५:१५. शुक्रवारी मार्क तास सांगतो: तिसरा (१५:२५), सहावा (१५:३३), नववा (१५:३४), म्हणजे आपले ९, १२ आणि ३. नऊ वाजता १५:१६–३२. बाराला फक्त ३३ वे वचन आणि शांतता. तीनला ३४–४१. ज्यांच्या मंडळीत १२ ते ३ सात उद्गारांची (येशूच्या वधस्तंभावरच्या सात वाक्यांची) उपासना असते त्यांनी नऊचे वाचन घरी करावे. मार्कात सातांतला एकच उद्गार आहे, ३४ व्या वचनातला. बाकीचे सहा लूक आणि योहानातले. दिवेलागणीला ४२–४७.

सोळावा अध्याय २७ च्या रात्री. कॅथलिक ईस्टर-जागरण विधीत १६:१–७, आमच्या वाचनमालेत १६:१–८. आठवे वचन कोणीही वगळू नका. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान तिथेच थांबते: स्त्रिया भ्यालेल्या, कोणाला काही बोलल्या नाहीत. आता जानेवारीचे पान काढा, १:४४–४५. कुष्ठरोग्याला सांगितले होते की कोणाला सांगू नकोस, आणि तो गावभर सांगत सुटला. इथे सांगा म्हटले, तर तोंडाला कुलूप. वहीच्या शेवटच्या जोडपानावर ही दोन वचने समोरासमोर लिहा, डावीकडे १:४५, उजवीकडे १६:८, आणि खाली जागा सोडा.